अण्णा, तुझ्या गिटारच्या तारा

अण्णा,

गिटार तुझ्या खोलीत खुंटीला आहे. परवा मी तारा खाली बसवल्या, मला आवडतात तशा, मानेवरच्या धातूच्या पडद्यांना अगदी टेकायच्या बेतात. काल सकाळी चहाच्या आधी जाऊन बघितलं, तशाच होत्या. आजही तशाच आहेत. इतकी वर्षं मी दुपारी तारा खाली घेतल्या की संध्याकाळपर्यंत तू त्या पुन्हा वर उचललेल्या असायच्या. आता त्यांना हात लावणारं घरात कुणी नाही. वैनी त्या खोलीत केर काढतात तेव्हा गिटारकडे पाठ करून काढतात. म्हणजे आपल्या भांडणात मी जिंकले म्हणायचं. असलं जिंकणं मी कधी मागितलं नव्हतं.

तुला जाऊन महिनाही झालेला नाही. लोक येतात, बसतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. वखारीत मधूसारखा सरळ माणूस नव्हता, म्हणतात. कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणतात. मी चहा देते, मान हलवते आणि मनात म्हणते, ह्यांना तो माणूस माहीतच नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात? माझ्या गिटारमध्ये बारा महिने नाक खुपसणारा माणूस? आता 'माझ्या' म्हटलं म्हणून तू जिथं असशील तिथं उठून बसला असशील. बस. आज मी बोलणार आणि तू ऐकणार, आयुष्यात पहिल्यांदाच.

ती लाल गिटार घरात आली तेव्हा मी नववीत होते. तू दिवसभर वखारीत तंबाखूची पोती उचलायचास आणि संध्याकाळी बशीरभाईंच्या ऑर्केस्ट्रात उसनी गिटार वाजवायचास. ही तुझी स्वतःची. गोव्याच्या कुणा बँडवाल्यानं बेळगावात कॅम्पातल्या दुकानात विकायला ठेवलेली, एका बाजूचा रंग उडालेली. निपाणीपर्यंत बसमध्ये तू ती वाकळेत गुंडाळून मांडीवर घेऊन आलास. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, बाळ आजारी हाय का. आई सुपात पानं घेऊन विड्या वळत होती. तिनं वाकळ उघडून बघितली आणि म्हणाली, "हे वाजतंय का नुसतंच लाल हाय?"

मीही विड्या वळायचे. शाळेतून आलं की आईच्या शेजारी सूप घेऊन बसायचं, हे ठरलेलं. विडीला जोर चालत नाही. जोर लावला की पान फाटतं. त्यामुळे माझी बोटं लहानपणापासून हलकी झाली होती, आणि तुझी पोती उचलून उचलून जड. भांडणाचं मूळ तिथंच होतं, पण ते कळायला मला फार वर्षं लागली. तेव्हा मला वाटायचं, तू मुद्दाम करतोस.

परक्या माणसाला हे भांडण सांगायला गेलं तर हसू येईल. गिटारच्या तारा घोडीवरून जातात, घोडीला बारीक स्क्रू असतात, ते फिरवले की तारा पडद्यांपासून वर उचलतात किंवा खाली बसतात. एवढंच. तुला त्या वर पाहिजेत, ताठ, बोट टेकवलं की उलट ढकलणाऱ्या. मला खाली पाहिजेत, मऊ. तू मधल्या पडद्यावर तारेखाली पोस्टकार्डाची घडी घालून उंची मोजायचास. मी विडीचं पान घालायचे. पान सरकलं की मला पुरे.

"शाले, तारा कुणी खाली बसवल्या गं?"

"मला काय म्हायती."

"मग मांजरानं स्क्रू फिरवला व्हय?"

"मांजराचा हात हलका असतोय. त्यालाबी जड जात असतील तुझ्या तारा."

मग तुझं प्रवचन सुरू. "तारेनं बोटाला अडवलं पायजे. अडवलं न्हाय तर सुरात दम कुठला येणार?" मी म्हणायचे, "तार म्हंजे काय कोगनोळीचा नाका हाय, येईल त्याला अडवायला?" तू हसू दाबायचास आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागायचास. तो मी पिठाच्या डब्यात लपवलेला असायचा आणि आईच्या भाकरीच्या पिठातून निघायचा, आणि मग आपल्या दोघांनाही बोलणी बसायची.

खरं सांगायचं तर बरोबर दोघंही होतो. माझ्या तारांवर तुझा दणका बसला की त्या पडद्यांवर आपटून खरखरायच्या. तुझ्या तारांवर मी गाणं धरलं की दोन कडव्यांत बोटांवर वळ उठायचे. एक गिटार आणि दोन हात, ह्याला इलाज नव्हता. दुसरी गिटार आणावी असं मात्र आपल्यापैकी एकालाही कधी सुचलं नाही.

गल्लीत गिटार वाजवणारी बाई मी एकटी. पहिल्यांदा बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमात तू मला एक गाणं वाजवायला देणार म्हटल्यावर चुलतआप्पा घरी आले होते, आठवतंय? दारातच उभे राहिले. "मधू, पोरीला स्टेजवर बसवणार व्हय?" तू जेवत होतास. घास खाली न ठेवता म्हणालास, "बसवणार. तुम्ही म्होरं बसून ऐका. न्हाय आवडलं तर पुढच्या वर्षी तुम्ही वाजवा." आप्पा त्या वर्षी खरोखरच पुढे बसले होते, आणि टाळ्या वाजवताना इकडंतिकडं बघत होते.

पण त्या दिवसाबद्दल दुसरंच सांगायचंय. माझ्या गाण्याची वेळ आली, तू गिटार माझ्या हातात दिलीस, आणि मी पहिला पडदा दाबला तर तारा खाली. माझ्या मापाच्या. तू सकाळीच बसवून ठेवल्या होत्यास आणि माझ्या आधीची सगळी गाणी त्या खरखरत्या तारांवर वाजवली होतीस. मधेच बशीरभाई अकॉर्डियन थांबवून म्हणालेसुद्धा, "मधू, आज गिटारला सर्दी झालीय का?" तू म्हणालास, हवेचा फरक हाय. मी तुला त्यावर एक शब्द बोलले नाही. आभार मानायची आपल्या घरात रीतच नव्हती, आणि मला भीती होती की बोलले तर तू म्हणशील, चुकून झालं. आज म्हणते. अण्णा, त्या दिवशी तू मला स्टेजवर बसवलंस, पण त्याहून मोठी गोष्ट तू सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन केलीस.

आणि मिरज. मिरजेचं कसं विसरेन? आपल्या कटकटीला कंटाळून आईच म्हणाली, "तिला मिरजंला न्या. तिथं तंबोरं करणारी माणसं हाईत. तार कशी लावायची ते त्यास्नी इचारा, माझं डोस्कं खाऊ नगा." कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. तारेचं वाद्य बिघडलं की मिरजेला न्यायचं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पुन्हा ती वाकळ, पुन्हा बस, कोल्हापूरला गाडी बदलून मिरज. त्या कारागिरांनी गिटार उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, आवाज कसा पाहिजे? तू म्हणालास, "तार सोडली की लांबवर बोलत ऱ्हायली पायजे." मी म्हणाले, "आणि बोटाला मऊ लागली पायजे." ते म्हणाले, दोन्ही होईल. आपण स्टँडवर भेळ खाल्ली आणि येताना सबंध रस्ताभर एकदाही भांडलो नाही.

आठवड्यानं तू ती घेऊन आलास. घोडीच्या जागी हाडाची रुंद पट्टी, वरून घासून उतार दिलेली, लोण्यासारखी गुळगुळीत. तंबोऱ्याला जवारी लावतात, तशी जवारी लावली होती आपल्या गिटारला. दिसायला इतकी देखणी की तू तिच्यावरून बोट फिरवत बसलास. वाजवून बघायला मात्र वेळ नव्हता, त्याच संध्याकाळी कोगनोळीला कार्यक्रम होता. स्टेजवर ॲम्प्लिफायरला जोडली, तू पहिली तार छेडलीस, आणि ती जी झणझणायला लागली ती थांबेचना. मागोमाग बाकीच्या तारा. बशीरभाईंचा चेहरा मला अजून दिसतो. आपण मागितलं ते सगळं मिळालं होतं. तार लांबवर बोलत होती आणि बोटाला मऊही लागत होती. सतारवाल्याकडे जाऊन आपण सतारच मागून आलो होतो, त्यात त्या बिचाऱ्यांची काय चूक?

पण तू थांबला नाहीस. सगळा कार्यक्रम तसाच वाजवलास. लोक माना वर करून सतार कुठं आहे ते शोधत होते. मध्यंतरात एक म्हातारे गृहस्थ स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "त्या सतारवाल्याला जरा म्होरं बसवा की, दिसंना त्यो." तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "त्यो लाजतोय." त्यानंतर बरेच दिवस कोगनोळीचे लोक आपल्या ऑर्केस्ट्राला बोलवताना विचारायचे, सतारवाला येणार का. तू जुनी घोडी परत बसवलीस, वर उचललीस, आणि दुसऱ्या दिवसापासून आपण पुन्हा भांडायला मोकळे झालो.

मला बेळगावात शाळेत नोकरी लागली तेव्हा तू म्हणालास, "जा. पर बोटांची सवय मोडू देऊ नगंस." मी खोली घेतली, पोरांच्या वह्या तपासायला लागले आणि गिटार निपाणीतच राहिली. मग तू रविवारी यायला लागलास, वाकळ घेऊन. दर वेळी कारण एकच, कॅम्पातल्या दुकानात तारा घ्यायच्या आहेत. एवढ्या तारा तोडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. दुपारभर मला वाजवायला लावायचास, संध्याकाळच्या बसनं परत. पुढं एकदा वैनींनी कपाट आवरलं तर तारांची न फोडलेली पाकिटं निघाली, गठ्ठ्यानं. वैनी मला म्हणाल्या, "तुमच्या भावाला दुकान टाकायचंय का?" मी म्हणाले, विचारा त्यालाच. तू पेपरात डोकं घातलंस. तुझं हे असं होतं. माया करायचास आणि पकडला गेलास की पेपर वाचायचास.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला तुझ्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय. बोलणं शाबूत राहिलं, त्यामुळे आम्हाला ऐकून घ्यायला काही कमी पडलं नाही. बेळगावच्या दवाखान्यात हाताचा व्यायाम करून घेणारी सिस्टर कानडी होती. बोटं एकेक उघडायची आणि म्हणायची, "निधान, अण्णा, निधान." सावकाश, अण्णा, सावकाश. तू तिला कानडीतच विचारलंस, एप्रिलपर्यंत हात येईल का. ती माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा निधान म्हणाली. ती गेल्यावर तू मला म्हणालास, "शाले, जयंतीला मी वाजवणार. आजवर एक वर्ष चुकलेलं न्हाय. ह्या वर्षी हात आला न्हाय तर मी गेल्यात जमा धर." तू चेष्टेत बोलत नव्हतास. मी तुझ्या पायावरची चादर सारखी करत बसले, कारण तोंड वर केलं असतं तर रडले असते.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तू गिटार मागितलीस. तुझ्या उंचीच्या तारा, तुझं ते पोस्टकार्डाचं माप. डाव्या हाताची बोटं तू उजव्या हातानं उचलून पडद्यावर ठेवलीस आणि दाबलीस. तार दबली नाही. नुसताच ठप् असा आवाज आला. पुन्हा केलंस, पुन्हा ठप्. मग गिटार माझ्याकडे दिलीस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. दुपारी जेवला नाहीस. वैनी स्वयंपाकघरात रडत होत्या आणि मी गिटार मांडीवर घेऊन तुझ्या पाठीकडे बघत होते.

मी पहिल्यांदा केलं ते सरळच. तारा खाली बसवल्या. दुसऱ्या दिवशी तुला कळलं. "शाले, तारा वर घे," म्हणालास. "लाचारीचं वाजवणं नगं मला." तुझ्यासमोर बसून वर घेतल्या, तू पोस्टकार्ड घालून बघितलंस, आणि मग कुठं गप्प झालास. उंचीला हात लावायचा नाही, हे ठरलं. मग बेळगावला जाताना बसमध्ये विचार करत बसले, आणि संकेश्वर यायच्या आत मला सुचलं.

उंची तीच ठेवायची, ताण कमी करायचा. सगळ्या तारा सारख्याच ढिल्या केल्या तर त्यांचा आपसातला मेळ बिघडत नाही, फक्त सगळं खालच्या पट्टीत जातं. ढिली तार दाबायला कमी जोर लागतो. एकदम केलं तर तुझ्या ध्यानात येणार, म्हणून दर रविवारी थोडं थोडं. तार पुसते म्हणायचं आणि खुंट्या जराशा फिरवायच्या. ताण कमी झाला की गिटारची मान मागं जाते आणि तारा पडद्यांना घासायला लागतात, म्हणून मानेच्या आतली सळई पान्यानं थोडी सैल करायची, ही तुझीच शिकवण. वरच्या दोन तारा तुटल्याचं सांगून बारीक घातल्या. घरात दुसरं वाद्य नव्हतं, त्यामुळे सूर ताडून बघायला तुझ्याकडे काही नव्हतं. पोस्टकार्ड मात्र तेच आणि तसंच सरकत होतं. मला माझ्या हुशारीचा फार गर्व झाला होता.

आणि एका रविवारी तुझं बोट दाबलं गेलं. अर्धवट, पण सूर आला. तू माझ्याकडे बघितलंस. "शाले, हात येतोय वाटतं गं." मी म्हणाले, "येणारच की. निधान." आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी इतकी खूश होते की शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, माझ्या भावाचा हात येतोय.

त्यानंतरचे महिने मला सगळ्यात प्रिय आहेत, हे आजारपणाबद्दल म्हणणं बरं नाही, पण आहेत. तू सकाळ-संध्याकाळ वाजवायचास. आधी दोन सूर, मग एक ओळ, मग कडवं. मी रविवारी आले की दाखवायचास, शाळेतली पोरं पाढे म्हणून दाखवतात तसं. वैनी पुन्हा जेवणात मीठ बरोबर घालायला लागल्या. वखारीतले लोक यायचे, त्यांना तू सांगायचास, "जयंतीला या, म्होरं बसा." मार्च उजाडला तेव्हा तुझी काळी दोनच्या पट्टीतली गिटार काळी एकच्या पट्टीला येऊन बसली होती आणि तुला त्याचा पत्ता नव्हता, असं मी धरून चालले होते.

एकच भीती होती. तालमीला अकॉर्डियन असणार, आणि बशीरभाई नेहमीच्या पट्टीत वाजवायला लागले की सगळं उघडं पडणार. म्हणून मी त्यांच्या घरी गेले. ते अकॉर्डियनचा भाता पुसत बसले होते. म्हणाले, "ये गं शालन." मी सगळं एका दमात सांगितलं. एक पट्टी खाली घ्या, गाणाऱ्या पोरींनाही खालीच शिकवा, आणि अण्णाला ह्यातलं काही कळू देऊ नका. मला वाटलं होतं, ते शंभर प्रश्न विचारतील. ते नुसते "बरं" म्हणाले आणि भाता पुसत राहिले. मग म्हणाले, "न्हाय सांगणार. च्या घेतीस का?"

जयंतीला गल्लीच्या तोंडाशी नेहमीसारखं स्टेज होतं, निळ्या पताका, मधोमध बाबासाहेबांचा फोटो. तुला खुर्चीसकट वर उचलून ठेवलं. तू पांढरा शर्ट घातला होतास, वैनींनी इस्त्री केलेला. पोरी गात होत्या, बशीरभाई तुझ्याकडे बघत बघत वाजवत होते, आणि तू वाजवत होतास. काही सूर निसटले. काही ठिकाणी तू हात नुसताच तारांवर ठेवून थांबलास आणि बशीरभाईंनी ती जागा भरून काढली. पण वाजवलंस, शेवटपर्यंत. गाणं संपल्यावर लोक उठून उभे राहिले. चुलतआप्पा डोळे पुसत होते आणि ह्या वेळी इकडंतिकडं बघत नव्हते. मी वर येऊन तुझ्या मांडीवरची गिटार घेतली, तेव्हा तू माझा हात धरलास. "हात आला गं परत," म्हणालास. तुझा तळवा घामानं भिजला होता. मी हसले, तूही हसलास. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता, अण्णा.

मग श्रावणात पुन्हा वारं गेलं, आणि ह्या वेळी त्यानं वेळच दिला नाही. वैनींचा निरोप आला, मी मिळेल त्या गाडीनं निघाले, घरासमोर चपलांचा ढीग बघितला आणि समजले. तुला ढिल्या तारांचं सांगायचं राहूनच गेलं. आपण दोघं म्हातारे झाल्यावर सांगू, असं मी ठरवून ठेवलं होतं. तू चिडशील, गिटार उगारशील, वैनी मध्ये पडतील. त्या भांडणाची मी वाट बघत होते.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना म्हणून भन्तेजी गेले, पंगती उठल्या, बशीरभाई मागं राहिले. ते तुझ्या खोलीत गेले, गिटारसमोर उभे राहिले, मग मला हाक मारली. म्हणाले, "शालन, एक सांगायचं हाय. मी शब्द दिलता, पर ज्याला दिलता त्यो माणूसच आता न्हाय."

मला काही कळेना.

"तू माझ्याकडं आलतीस न्हवं, पट्टी खाली घ्या म्हणून? तुझ्या आधी मधू येऊन गेलता. काठी टेकत, एकटाच. पार दमून गेलता. म्हणला, बशीर, शाली तारा ढिल्या करायला लागलीय. तिला वाटतंय मला कळंना. तू आपली पट्टी खाली घे, आणि तिला काय बोलू नगंस. मी म्हटलं, अरं, पर तुझ्या हाताचं काय? तर म्हणला, हात काय येत न्हाय आता. डॉक्टरनं सांगितलंय, आणि मलाबी कळतंय की. पर पोरगी लई आनंदात हाय रं. दर ऐतवारी हसत येती."

बशीरभाई गेले.

म्हणजे तुला पहिल्या रविवारपासून कळत होतं. कळणार नाही कसं? इतकी वर्षं केसाएवढ्या फरकावरून माझ्याशी भांडलेला माणूस तू, तुझ्या बोटाखालची तार ढिली झालेली तुला कळणार नाही, हे मी मानलंच कसं? मानायचं होतं म्हणून मानलं. मला वाटत होतं, मी तुला आशा देतेय. तुझ्याजवळ ती नव्हतीच. तू ती माझ्याकडून घेतल्यासारखी करत होतास आणि दर रविवारी मलाच परत देत होतास. हात परत येणार नाही, हे ओझं तू सगळे महिने एकट्यानं वाहिलंस, वैनींनाही सांगितलं नाहीस, आणि मी बसमधल्या बायकांना सांगत सुटले होते. जयंतीच्या स्टेजवर माझा हात धरून तू बोललास ते वाक्यही माझ्यासाठीच होतं.

मला तुझा राग येतोय, अण्णा. इतका येतोय की समोर असतास तर बोलले नसते चार दिवस. एकदा तरी म्हणायचंस, शाले, मला कळतंय गं. मी तुझ्या शेजारी बसून पोटभर रडले असते, तूही रडला असतास. आणि मग आपण दोघांनी मिळून तारा आणखी ढिल्या केल्या असत्या.